घाटात स्टेअरिंग जड झालं तेव्हा

गेल्या जुलैत चिपळूणहून कराडला माहेरी निघाले होते. कुंभार्ली घाटात धो धो पाऊस, त्यात धुकं. हेडलाइट, वायपर, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर, सगळं चालू. पुढे मालाचा ट्रक, त्याच्या मागे रांगत एका अवघड वळणावर आले आणि स्टेअरिंग एकदम दगडासारखं जड झालं. मीटरवर स्टेअरिंगचं पिवळं चिन्ह, शेजारी उद्गारचिन्ह. मागच्या सीटवर मुलगा झोपलेला. दोन्ही हातांनी ओढून कसंबसं वळण काढलं, जागा मिळताच गाडी बाजूला घेतली. बंद करून पुन्हा चावी मारली, तर दिवा गेला आणि स्टेअरिंग हलकं झालं. हेळवाक यायच्या आत परत तोच प्रकार.

कराडच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, "मॅडम, अख्खा कॉलम बदलावा लागेल." कॉलम म्हणजे मोटरसकट स्टेअरिंगचा दांडा. अंदाज ४२,००० रुपये, तोही नऊ वर्षं वापरलेल्या गाडीसाठी. बॅटरी बघितली का विचारलं, तर ती ओके म्हणाले. मी स्कॅनरचा रिपोर्ट मागून घेतला. त्यात एकच नोंद होती: स्टेअरिंगच्या कंट्रोल युनिटला व्होल्टेज कमी मिळतंय. मोटर किंवा सेन्सर खराब असल्याचं कुठेच नव्हतं. मी कामाला हो म्हटलं नाही. त्या रात्री हे इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग, म्हणजे मोटरच्या मदतीने हलकं फिरणारं स्टेअरिंग, चालतं कसं, ते नीट समजून घेतलं.

जुन्या हायड्रॉलिक स्टेअरिंगला इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप आणि ऑइल लागायचं. इलेक्ट्रिकमध्ये यातलं काहीच नाही. स्टेअरिंगच्या दांड्यात एक बारीक पोलादी सळई असते. आपण स्टेअरिंग वळवलं की तिला किंचित पीळ बसतो. सेन्सर तो पीळ मोजतो, कंट्रोल युनिट गाडीचा वेग बघतं आणि मोटरला किती जोर लावायचा ते ठरवतं. वेग कमी तेवढी मदत जास्त. १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्वो या छोट्या गाडीत हे आलं. मोटर बंद पडली तरी चाकांशी जोड लोखंडीच राहते, म्हणूनच मला त्या वळणावर गाडी वळवता आली. फक्त हाताचा जोर लागतो, आणि तो भरपूर लागतो.

ही मोटर करंट फार खाते. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण ९ अँपिअर घेतात, पण जागेवर चाक वळवताना छोट्या गाडीची मोटरसुद्धा ३०-४० अँपिअर ओढू शकते. व्होल्टेज खाली गेलं की कंट्रोल युनिट स्वतःच मदत बंद करतं. माझ्या घाटातल्या प्रसंगाचा उलगडा तिथेच झाला.

दुसऱ्या दिवशी भावाच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेले. रिपोर्ट वाचून ते म्हणाले, "ताई, गाडी चालू ठेवा आणि मी सांगेन तेव्हा स्टेअरिंग फिरवा." मल्टिमीटरची लाल-काळी टोकं त्यांनी बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर ठेवली. १४.१ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग उत्तम. मग एक टोक निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्यावर. "लाइट लावा. फिरवा." आकडा ०.१ वरून थेट १.६ वर गेला. "हा ०.२ च्या वर जायला नको. अर्थिंग गेलंय."

बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर त्यांनी सोडवून माझ्या हातात दिली. वरून धडधाकट दिसत होती, पण लगच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीच्या, तोंडाशी वेष्टण सोलल्यावर आत हिरवी भुकटी निघाली. निम्म्या तारा हाताने तुटल्या. आमच्या कोकणातल्या दमट हवेत हे व्हायचंच. बॅटरी तपासणाऱ्याला ती चांगलीच दिसणार, कारण खोट वायरीत होती. नवी वायर, बोल्टाखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत, टर्मिनल सोड्याच्या कोमट पाण्याने साफ, वर पेट्रोलियम जेलीचा हात. सगळे मिळून ७०० रुपये. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी, हे त्यांनी दोनदा बजावलं. जोडल्यावर दिवा राहिला होता, तो थोडं चालवल्यावर गेला.

आता पावसाळ्याच्या आधी ही वायर आणि टर्मिनल बघून घेते. उभ्या गाडीत चाक करकरत फिरवत नाही, गाडी जरा सरकू देते. पार्किंगमध्ये चाक पूर्ण वळलं की तिथेच दाबून धरत नाही, त्याने मोटर तापते आणि मदत कमी होते. मध्यंतरी एकदा स्टेअरिंग पुन्हा जड वाटलं, पण दिवा लागला नव्हता. आधी हवा तपासली. पुढच्या दोन्ही टायरांत ३३ च्या जागी २४ होती.