किहीमची सुगरण, आणि विणणारा बाप

पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद असतात, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रोरो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, घेतली. अलिबागजवळच्या किहीमचा पहिला दिवस वायाच गेला. किनाऱ्यावर लोक स्पीकर लावून रात्री उशिरापर्यंत नाचत होते. ज्या गावात एक माणूस पावसाळाभर पाखरं बघत बसला, तिथला हा गोंगाट मला सहन होत नव्हता.

पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली १९३० मध्ये जर्मनीहून परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी पैशांअभावी गेलेली होती. बर्लिनला पक्षीशास्त्रज्ञ एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकून आलेला माणूस, हाताला काम नाही. ते पत्नी तहमिनांसह किहीमला येऊन राहिले आणि सुगरणींचे खोपे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका वाडीत विहिरीवर झुकलेली शिंदी दिसली. चौदा खोपे! वाडीतल्या काकींनी खुर्ची आणून दिली, वर छत्रीही. दोन तास हलले नाही.

एक खोपा अर्धाच होता, उलट्या टोपलीसारखा, मधे आडवी पट्टी. पिवळ्या डोक्याचा नर त्याला लटकून पंख फडफडवत होता. साधी तपकिरी मादी आली, पट्टीवर बसली, चोचीने दोन पाती ओढून बघितली आणि निघून गेली. नर पुन्हा विणायला लागला.

सालिम अलींनी नेमकं हेच टिपलं होतं. मादीच्या पसंतीला उतरेपर्यंत नर खोपा पुरा करत नाही. ती आत राहायला आली की अंड्यांची जागा आणि खाली उतरणारी नळी विणतो. ती अंड्यांवर बसली की हा दुसरा खोपा घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हा सगळा क्रम त्यांनी १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलमध्ये मांडला.

लेकीला मी लहानपणी सांगायचे, सुगरण आई पिल्लांसाठी घर विणते. नावच तसं आहे ना. आता फोन करून सांगितलं, अगं, विणतो तो बाप. अंडी उबवणं मात्र तिच्या एकटीच्या वाट्याला.

“तो खालचा चार दिवस झाले तसाच आहे,” काकी म्हणाल्या. “कुणी घेईना त्याला.”

निघताना मागे वळून पाहिलं. तो नर त्याच खोप्याकडे परतला होता, चोचीत भाताची लांब हिरवी पात धरून.