दक्षिणेचं ऊन

आमचा फ्लॅट दक्षिणमुखी. घेताना भावात जी काही घासाघीस जमली ती त्यामुळेच, कारण आधीची गिऱ्हाइकं मोबाइलमधलं होकायंत्र बघून जिन्यावरूनच परतली होती. सासऱ्यांनीही "यमाची दिशा" एवढं एकदा बोलून घेतलं आणि पुढं सगळ्या थंडीभर गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचला. यमाचं राहू द्या. पुण्यात जिरेनियम फुलवायचं असेल तर याहून चांगली दिशा नाही.

थंडीच्या तोंडावर नर्सरीत लाल, गुलाबी, पांढऱ्या झुबक्यांच्या कुंड्या मांडतात, तेच हे झाड. शास्त्रज्ञांनी 1789 मध्येच त्याला जिरेनियममधून काढून पेलार्गोनियममध्ये टाकलं, पण नर्सरीवाल्यांनी ते अजून मनावर घेतलेलं नाही आणि मीही नाही. मूळचं ते दक्षिण आफ्रिकेतलं. तिथल्या केप टाउनच्या बाजूला दुपारचा सूर्य बारा महिने उत्तरेकडे असतो, त्यामुळे तिकडे माणसं उत्तराभिमुख घर शोधतात. तिथला वास्तुतज्ज्ञ इकडे आला तर उपाशी मरेल.

कुंडीत खोचलेल्या पट्टीवर बहुतेक 'फुल सन' लिहिलेलं असतं. पण सूर्य कुठला? माझी मावसबहीण हँबुर्गला असते. तिच्याकडे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर येतो आणि जूनमध्येही 60 च्या पुढं जात नाही. थंडीत ती आपल्या कुंड्या उचलून जिन्यातल्या गार खिडकीत ठेवते, पाणी जवळपास तोडते आणि वसंताची वाट बघते. तिची जिरेनियमं जून-जुलैत कठड्यावरून ओसंडतात. 'फुल सन' हा सल्ला त्या आकाशाखालचा आहे. आपल्याकडे एप्रिलच्या टळटळीत दुपारी तो पाळला तर चार दिवसांत पानांवर फिकट, कागदासारखे कोरडे डाग पडतात आणि कळ्या न उमलताच वाळतात. त्यात उन्हापेक्षा उष्म्याचा हात जास्त. पारा तिशीच्या पुढं सरकू लागला की या झाडाचं फुलण्यातलं लक्ष उडतं.

म्हणून मग लोक घाबरून कुंडी आत, टीव्हीशेजारी आणून ठेवतात. "हॉलमध्ये भरपूर उजेड आहे हो आमच्या!" असतो ना, पण आपल्या डोळ्यांना. उजेड लक्समध्ये मोजतात. बाहेर लख्ख उन्हात तो लाखभर लक्स असतो, तर दिवसा आपल्याला छान उजेडाचा वाटणारा हॉल काही शेकड्यांवरच थांबतो. आपले डोळे कमी उजेडाला सरावतात आणि तफावत झाकून टाकतात. झाडाला तशी सोय नाही. ते सरळ उंच व्हायला लागतं. दोन पानांमधलं अंतर वाढतं, देठ लांबुडके होतात, खालची पानं पिवळी पडून गळतात आणि सगळं झाड खिडकीकडे मान काढून उभं राहतं. फुलाचं नाव नाही. मग त्याला खत घातलं जातं, म्हणजे उपाशी माणसाला टॉनिक पाजण्यासारखंच.

भरपूर फुलं हवीत तर रोज चार तास तरी थेट ऊन अंगावर यायला हवं, सहा मिळालं तर उत्तम. पण हे तास मोजताना गॅलरीतली दोरी विसरू नये. आमच्या समोरच्या घरी कठड्यावर सुरेख कुंड्या आहेत आणि त्यांच्यासमोर सकाळी नऊ ते दुपारी दोन डबलबेडच्या चादरी वाळत असतात.

आता दक्षिणेची खुबी. डिसेंबरात पुण्याला दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, साधारण 48 अंशांवर. नऊ फूट उंचीच्या गॅलरीत तेव्हा ऊन आठ फूट आत येतं, म्हणजे अख्खी गॅलरी न्हाऊन निघते. पहाटे पारा 10-12 अंशांवर, दिवसभर असं तिरपं ऊन. जिरेनियमला दुसरं काय हवं! मार्चच्या विषुवदिनापर्यंत हेच ऊन मागं सरत सरत तीन फुटांवर येतं. मेच्या मध्यावर, 13-14 तारखेच्या सुमारास, शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. शाळांच्या मैदानांवर उभ्या बाटल्यांच्या सावल्या शोधतात तोच. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो आणि आमच्या गॅलरीत दुपारी ऊन म्हणून येत नाही, उजेड मात्र भरपूर. झाडाला ऊन हवं तेव्हा ऊन, नको तेव्हा सावली, आणि मी कुंडी हलवत नाही. पश्चिमेची गॅलरी याच्या अगदी उलट. तिथं उन्हाळ्यात चार वाजताचं ऊन आडवं घुसतं आणि कुंडीची मातीसुद्धा तापते.

मी हलवत नाही म्हटलं, पण फिरवते. आठवड्याला पाव वळसा, नाहीतर फुलं सगळी रस्त्याकडे आणि आपल्याकडे नुसती पाठ. वळसा देताना झाड जवळून बघणं होतं. पान गोल, लवदार, मध्ये गडद कडं. थंडी आणि कडक ऊन एकत्र आलं की कडेची पानं तांबूस होतात. तो रोग नव्हे, औषधाची बाटली खाली ठेवावी. कळ्यांचा घोस आधी मान खाली घालून लोंबतो, मग उमलायच्या बेताला देठ ताठ होतो. झुबका सुकला की तो देठ बुडाशी धरून वाकवायचा, कट्कन तुटतो आणि बोटांना तो उग्र, हिरवा वास लागतो. कुणाला तो आवडत नाही. मला आवडतो.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगते. कुंडी छपराखाली, पाणी अगदी बेताचं, नाहीतर खोड जमिनीलगत काळं पडतं आणि मग काही करता येत नाही. फुलांची अपेक्षाच ठेवू नये.

सध्या चिंता वेगळीच आहे. रस्त्यापलीकडची जुनी सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आहे, तीही नेमकी दक्षिणेला. पार्किंग आणि वर अकरा मजले, म्हणजे 120 फूट धरू. आमचा मजला तिसरा, कठडा 33 फुटांवर, मधलं अंतर साठेक फूट. नवऱ्यानं बिलाच्या पाठीमागे त्रिकोण काढून हिशेब केला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य त्या इमारतीमागे जाणार आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बाहेर येणार. म्हणजे बरोबर जिरेनियमचाच हंगाम. इमारत फार रुंद नसली तर सकाळी आणि तीननंतर कडेनं थोडं ऊन मिळेल. नाहीतर गच्ची आहे, पण तिथं कुंड्या ठेवायच्या तर कमिटीचा ठराव लागतो, आणि गळती झाली की पहिलं बोट कुंड्यांकडेच. तरी येत्या सभेत विषय काढणार आहे. सासरे म्हणाले, सही मी करतो, खुर्चीचंही त्यातच लिही.