भिंती पांढऱ्या केल्या की झालं का?

मी जुन्या कारखान्यांची ऑफिसं करते हे कळलं, की समोरचा हमखास विचारतो, "शेड आयतीच रिकामी असते. पांढरा रंग मारायचा, चार लांब टेबलं टाकायची. मिनिमलिस्टच हवंय, मग एवढा खर्च कसला?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते: पैसा जातो तो रिकामेपणा टिकवण्यावरच. त्यातही आवाजावर.

फोटोत शेडचा आवाज ऐकू येत नाही, तिथेच फसगत होते. ४० मीटर लांब, १५ रुंद, ८ उंच अशी शेड धरा. काँक्रीट, पत्रा आणि काच आवाज जेमतेम शोषतात. सरासरी शोषण ५ टक्के धरलं तरी एका टाळीचा घुमारा विरायला सात सेकंदांहून जास्त लागतात. ऑफिसात तो एका सेकंदाच्या आत विरायला हवा. जागेचं आकारमान आणि शोषण यांवरून घुमारा काढायचं हे सूत्र अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबीन यांचं. हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणंच कळत नसे, तेव्हा १८९५पासून त्यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून, मांडून घुमारा मोजला. त्यांच्याच हिशेबाने आपल्या शेडच्या अख्ख्या छताला उत्तम ध्वनिशोषक अस्तर लावलं तरी सव्वा सेकंद उरतोच. पुढचं काम गालिचे, जाड पडदे, कापडी पार्टिशनं यांचं. म्हणजे ज्या वस्तू नकोत म्हणून मिनिमलिझम निवडला, नेमक्या त्याच! मी छताच्या कैच्यांमध्ये, म्हणजे छत तोलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांमध्ये, त्याच रंगाची ध्वनिशोषक पॅनेल उभी टांगते. उभ्या पॅनेलच्या दोन्ही बाजू आवाज शोषतात, आणि खालून बघणाऱ्याला ती कैच्यांचाच भाग वाटतात.

थंडाव्यासाठी आठ मीटर उंचीची सगळी हवा गार करायची गरज नाही. गरम हवा वर जाते, तिला जाऊ द्या. गार हवा जमिनीलगत संथ सोडली की माणसं बसतात तेवढा थर सांभाळला जातो.

जमीन मात्र दगा देते. वर्षानुवर्षं यंत्रांचं तेल काँक्रीटमध्ये मुरलेलं असतं, आणि तेलकट काँक्रीटवर इपॉक्सी, म्हणजे जमिनीवर द्यायचा राळेचा कडक लेप, धरत नाही, पोपडे निघतात. वरचा थर घासून काढावा लागतो. तेल खोल गेलं असेल तर तेवढा भाग फोडून नवा घालावा लागतो. छतावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर अ‍ॅस्बेस्टॉसची (श्वासातून गेल्यास घातक अशा तंतूंची) तपासणी झाल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही. यावर मी वाद घालत नाही.

फुकट मिळते ती एकच गोष्ट: करवतीच्या दातांसारखं छत. उत्तर गोलार्धात त्याची काच उत्तरेकडे असते, त्यामुळे ऊन थेट आत येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो. कापड गिरण्यांत मागावरचा धागा नीट दिसावा म्हणून जे केलं, ते कॉम्प्युटरच्या पडद्यालाही मानवतं. तरी लोक ती काच झाकून खाली फॉल्स सीलिंग करायला निघतात!

काय ठेवायचं हे रंगाआधी ठरवा. स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ वास्तुरचनाकार रिकार्दो बोफिल यांनी १९७३मध्ये हाती घेतलेल्या सिमेंट कारखान्यात आधी बरीच पाडापाडी झाली. मग उरलेल्या सायलोंमध्ये, म्हणजे सिमेंट साठवायच्या उंच कोठारांमध्ये, त्यांचं ऑफिस आलं. माझ्या कामांत क्रेनचा गर्डर, म्हणजे क्रेन जिच्यावरून सरकायची ती लोखंडी तुळई, सहसा राहतो. लोकांना ती जुन्या दिवसांची हौस वाटते. मला त्यावरून वायरी ठेवायचा केबल ट्रे न्यायचा असतो.