बुलेट लॉग: चार रविवार, अडीच कामं

दसऱ्याच्या आत गाडी रस्त्यावर आणायची, असं ठरलं होतं. दसरा झाला, हँडलला झेंडूची माळ घालून झाली, गाडी अजून मुलुंडच्या आमच्या पार्किंगमध्ये स्टँडवरच. गाडी म्हणजे जुनी कास्ट आयर्न ३५० बुलेट, उजव्या पायाला गिअर, पॉइंटवाली (उघडझाप करणाऱ्या पॉइंटमधून प्लगला ठिणगी मिळते). शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, देव्हाऱ्यातच ठेव की तिला."

घाई माझीच नाही. एका रविवारी एक काम, पार्किंगमध्ये ऊन शिरेपर्यंतच. गॅरेजात दिली असती तर दोन दिवसांत हातात आली असती, पण मग रविवारी करायचं काय?

पहिला रविवार चेनमध्ये गेला. मुंबईचा पावसाळा आणि खारी हवा, चार महिन्यांत चेन तांबडी. डिझेल, जुना टूथब्रश, चिंध्या. एकेक कडी घासताना डोक्यातलं ऑफिस कधी गेलं कळलंही नाही. जोडताना चेनचं लॉक, म्हणजे जोडकडी धरून ठेवणारी छोटी क्लिप, पक्कडीतून उडालं ते थेट गटाराच्या जाळीच्या दिशेने. वॉचमन काका मोबाईलचा टॉर्च घेऊन माझ्याबरोबर अर्धा तास ओणवे. सापडलं नाही. नवं लॉक मशीद बंदरजवळच्या नागदेवीच्या बाजारात मिळेल, पण रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद. शनिवारी अर्धी सुट्टी काढून स्लो लोकलने मशीद बंदर गाठलं. लॉक घेतलं, फीलर गेजही (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) घेतला आणि गरज नसलेले दोन पानेही. (घरी पान्यांबद्दल बोललेलो नाही.) नव्यांसाठी सांगून ठेवतो: लॉकची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला, उघडी बाजू मागे. उलटं बसलं तर वाटेत निसटायची भीती.

दुसऱ्या रविवारी चेन जोडली, ताण लावला, दोन्ही बाजूंचे स्नेल कॅम (ताण ठरवणाऱ्या खाचांच्या चकत्या) सारख्याच खाचेवर आणले. बस.

तिसरा रविवार टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचं माप बसवण्याचा, आणि हाच माझा लाडका. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. प्लग काढला, किक हळूहळू दाबत पिस्टन वर आणला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या फेरीत. टॅपेटचं झाकण उघडलं. पुशरॉड, म्हणजे तीच दांडी, चिमटीत धरून फिरवायचा: सहज फिरला पाहिजे, वर-खाली मात्र अजिबात हलता कामा नये. ऐकायला सोपं आहे. लॉकनट आवळला की बसवलेलं माप सरकतं, पुन्हा सैल, पुन्हा फिरवून बघा. इनलेट दुसऱ्या खेपेला जमला. एक्झॉस्टने सहा खेपा घेतल्या आणि मला एकदाही राग आला नाही. हा माणूस एरवी लिफ्टचं बटण तीनदा दाबतो.

चौथा रविवार, पॉइंट. खड्डे पडले होते, बारीक पॉलिश पेपरने घासले, मग कोरा कागद मधून ओढून कचरा काढला. कॅमवर पूर्ण उघडलेले असताना गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, माझा ०.३८ च्या आसपास बसला. मग चावी लावली, दिवे बंद, किक हाताने हळूहळू दाबली. पॉइंट मिटलेले तोवर अ‍ॅमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा उणेकडे झुकलेला, उघडले की टचकन मध्ये. हे मी उगाचच दहा-बारा वेळा केलं.

मग खरी किक. काटा मध्ये आणला, डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर ओढून पिस्टन जरासा पुढे ढकलला, लिव्हर सोडला, किक वर घेतली आणि सगळा भार टाकला. तिसऱ्या किकेला धूर, मग धडधड. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. मी लगेच गाडी बंद केली, रविवारी सकाळचे साडेआठच वाजले होते.

टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, अजून नीट बघितलेलं नाही, ते अर्धं काम धरा. पुढच्या रविवारी आधी तेच, मागच्या ब्रेकचे लायनर त्याच्या पुढच्या. काकांनी टॉर्च चार्ज करून ठेवतो म्हणून सांगितलंय.