तुम्ही विचारलेत म्हणून: पाहुण्याला काम मिळते तेव्हा

न्यूझीलंडहून दोन वर्षांसाठी सामोआत, म्हणजे प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या द्वीपदेशात, स्वयंसेवक म्हणून जाऊन आल्यापासून, रत्नागिरीच्या घरी पाऊल टाकले की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. घरी पिढ्यान्‌पिढ्या गणपती बसतो, असा माणूस तिकडच्या चर्चच्या सणात सामील कसा झाला, आणि तिथे परके वाटले नाही का? आजवर ‘नाही वाटले’ एवढे बोलून मी चहाचा कप उचलत आलो. पण ते उत्तर अर्धेच खरे आहे. पहिल्या वर्षी मला चांगलेच परके वाटले होते, आणि त्याला कारण झाले होते ते त्यांचे आदरातिथ्य.

सामोआची सारी लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. उपोलू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका गावात मी शाळेतल्या मुलांना हिशेब शिकवत असे आणि एका आइंगाकडे, म्हणजे तीन पिढ्या एकत्र नांदणाऱ्या कुटुंबाकडे, राहत असे. जॉन विल्यम्स हा लंडनचा मिशनरी १८३० मध्ये सवाई बेटावर उतरला, तेव्हापासून हा देश ख्रिस्ती झाला आणि इतका झाला की २०१७ मध्ये राज्यघटनेतही तशी दुरुस्ती करण्यात आली. रविवारी गावात प्रार्थना आणि जेवण यांखेरीज फारसे काही घडत नाही. ऑक्टोबरचा दुसरा रविवार मात्र मुलांचा असतो. त्याला लोटु तमाइती म्हणतात. शब्दशः सांगायचे तर मुलांची प्रार्थना. इंग्रजीत त्याला पांढरा रविवार असे नाव आहे, कारण झाडून सारी मुले पांढरे कपडे घालतात. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, देशाला सुट्टी असते.

१४ ऑक्टोबर २०१८ हा माझा पहिला पांढरा रविवार. चर्चमध्ये मला पुढच्या बाकावर, थेट पाद्रीबाबांसमोर बसवण्यात आले. चार वर्षांच्या चिमुरड्यांपासून मिसरूड फुटलेल्या मुलांपर्यंत एकेक जण पुढे येऊन बायबलमधील पाठ केलेली वचने म्हणत होता, मधूनच एखादा अडला की मागून आईचा दबलेला आवाज येत होता, आणि मला आमच्या शाळेतले गीताध्यायाचे पाठांतर आठवत होते. त्यानंतर कुटुंबांनी दिलेल्या देणग्या नावानिशी आणि रकमेसह मोठ्याने वाचून दाखवण्यात आल्या. वर्गणीचा फलक लावणाऱ्या कोणत्याही मंडळाच्या कार्यकर्त्याला त्यात नवल वाटले नसते. घरी परतल्यावर मला चटईवर बसवून ताट पुढे ठेवण्यात आले. मांडी घालून बसता येणारा परदेशी पाहुणा त्यांना बहुधा प्रथमच भेटला होता, एवढेच काय ते माझे कर्तृत्व. ताट उचलायला किंवा पाणी आणायला उठू लागलो की घरची आजी हात दाखवून म्हणायची, ‘नोफो इ लालो.’ खाली बस. वर्षभरात हे तीन शब्द मी इतक्यांदा ऐकले की सामोअन भाषेतले तेच माझे पहिले पाठांतर ठरले. त्या दिवशी मी सण पाहिला, पोटभर जेवलो आणि सणाच्या बाहेरच राहिलो.

इथे तिथल्या जेवणाची रीत सांगितली पाहिजे. एरवी वडीलधारे आणि पाहुणे आधी जेवतात. मुले हात धुण्याचे पाणी आणतात, पंख्याने माश्या वारतात, आणि मोठ्यांचे झाल्यावर त्यांची पाळी येते. पांढऱ्या रविवारी हा क्रम उलटतो: मुले बसतात आणि मोठी माणसे वाढतात. सारे वर्षभर ज्या वयामुळे आणि पाहुणेपणामुळे मला काडी उचलू दिली जात नव्हती, त्यांची सबब फक्त या एका दिवशी चालत नाही, हे पहिल्या वर्षी माझ्या ध्यानातच आले नव्हते. दुसऱ्या वर्षी मी आजीकडे काम मागितले. ती खूप वेळ हसली आणि मग म्हणाली, पहाटे ऊठ.

१३ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे घरामागे उमु पेटला होता. लाकडांच्या जाळावर दगड लालबुंद होईपर्यंत तापवायचे, निखारे बाजूला सारायचे, दगडांवर खाद्यपदार्थ रचायचे आणि केळीच्या व विलायती फणसाच्या पानांनी सारे झाकून टाकायचे, अशी ही जमिनीवरची भट्टी असते. हे काम घरातल्या तरुण मुलग्यांचे. नारळ खवण्याचे कामही त्यांचेच, आणि त्यासाठी जे साधन समोर आले ते पाहून मला हसू फुटले: लाकडी बैठक, तिच्या टोकाला लोखंडी दातेरी पाते, म्हणजे आमच्या घरची खवणीच. आमच्याकडे तिच्यावर आई आणि काकू बसायच्या, मी कधीतरी हौसेने बसलो की हाकलून लावायच्या. इथे एकसष्टाव्या वर्षी अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या रांगेत मी तेवीस नारळ खवले. त्यांचे घट्ट दूध काढून, कांदा आणि मीठ घालून, ते अळूच्या कोवळ्या पानांच्या खोलगट पुड्यांत ओतायचे आणि पुड्या उमुत ठेवायच्या, की पालुसामी होते. आमच्या अळूला चिंच लागते, यांना लागत नाही. खाज जाईल एवढे शिजवले की झाले. चवीच्या बाबतीत मी अजूनही फदफद्याच्या बाजूचा आहे, परंतु हे मत मी तिथे बोलून दाखवले नाही.

चर्चहून आल्यावर मुले रांगेने बसली. मी ताटे वाहिली: विलायती फणस, पालुसामी, डुकराचे मांस, शेवया आणि मुलांनी आधीच बजावून ठेवलेले आइस्क्रीम. बसलेल्या माणसासमोरून जाताना तिथे कमरेत वाकून ‘तुलोउ’ म्हणावे लागते, ‘माफ करा’ अशा अर्थाने. सात वर्षांच्या मुलीसमोर वाकून मी तुलोउ म्हणालो, तेव्हा तिने आजीची हुबेहूब नक्कल करत मान हलवली, आणि पुन्हा आइस्क्रीम मागितले. मी सगळ्यांच्या शेवटी, मुलग्यांबरोबर, स्वयंपाकाच्या छपराखाली जेवलो. परके वाटले नाही ते तेव्हा.

योगायोगाने त्याच रात्री कोजागरी होती. ऑकलंडहून आणलेली वेलची घालून मी दुधाच्या भुकटीचे मसाला दूध केले. सातच्या सुमारास चंद्र वर आला. रत्नागिरीत तेव्हा सकाळचे साडेदहा वाजत होते. मुलांनी एकेक घोट घेतला आणि नम्रपणे आपल्या कोकोकडे वळली.

तीनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, देशात गोवराची साथ जाहीर झाली. नोव्हेंबरात आणीबाणी आली, शाळा बंद झाल्या, मुलांना मेळाव्यांत जाण्यास मनाई झाली. साथ ओसरेपर्यंत ८३ माणसे गेली, त्यांतली बहुतेक पाच वर्षांखालची मुले. त्या नाताळाविषयी मला विचारू नका. ५ आणि ६ डिसेंबरला सारा देश बंद ठेवून लसीकरणाची पथके घरोघर फिरली. ज्या घरात लस न घेतलेले कोणी असेल, त्या घरासमोर लाल कापड बांधायचे होते. आमच्या घरात सात महिन्यांचे बाळ होते. आजीने जुन्या लावालावाची, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या वस्त्राची, लाल पट्टी फाडली आणि माझ्या हातात दिली, कारण घरात सर्वांत उंच मी होतो. रस्त्यालगतच्या पपईच्या झाडाला, पथकाला लांबून दिसेल इतक्या वर, ती मी बांधली. त्या वेळी मला कोणी खाली बस म्हणाले नाही.