क्वांटम कंपनीत, पण प्रयोगशाळेबाहेर

क्वांटम कॉम्प्युटिंगच्या क्षेत्रात शिरायचं तर भौतिकशास्त्रात पीएचडी हवीच, असं ज्याला विचारावं तो सांगत होता. मी सॉफ्टवेअर प्रशिक्षणातला माणूस. पण एका क्वांटम कंपनीची नोकरीची जाहिरात नीट वाचली तर पद प्रशिक्षण आणि बिझनेस डेव्हलपमेंटचं होतं, आणि अटी तीनच: रेषीय बीजगणित, पायथन, ग्राहकांशी बोलायची सवय.

तयारीत सगळ्यात कामी आलं किस्किट, म्हणजे पायथनमधून क्वांटम सर्किट लिहायचं सॉफ्टवेअर. दोन क्युबिट (क्वांटम यंत्रातले बिट), एक हॅडामार्ड गेट (क्युबिटला ० आणि १ च्या मिश्र स्थितीत नेणारं), एक सीनॉट (दोन क्युबिट एकमेकांशी जोडणारं गेट). सिम्युलेटरवर उत्तरं फक्त ०० आणि ११ येतात. तेच सर्किट खऱ्या यंत्रावर चालवलं की यंत्राच्या चुकांमुळे अधूनमधून ०१ आणि १० डोकावतात. पहिल्या फेरीतल्या नमुना-तासाला मी हेच दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले. क्युबिट म्हणजे हवेत फिरणारं नाणं, हे नेहमीचं उदाहरण मुद्दाम टाळलं. त्यावर लोक माना डोलावतात आणि एन्टँगलमेंटला, म्हणजे दोन क्युबिटांची उत्तरं एकमेकांशी बांधलेली असण्याला, आले की अडकतात.

कस लागला दुसऱ्या फेरीत. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी बँकेच्या तंत्रज्ञानप्रमुखाची भूमिका घेतली आणि म्हणाल्या, "आमच्या नोंदींतला शोध किती पट लवकर होईल, तेवढं सांगा."

ग्रोव्हरच्या क्वांटम शोध-अल्गोरिदमने दहा लाख नोंदींतला शोध हजाराच्या आत पायऱ्यांत होतो, हे कागदावर खरं. पण नोंदी यंत्रात भरण्यातच तो फायदा संपतो, शिवाय आजचे क्युबिट चुका फार करतात.

"यासाठी आमच्याकडून आज काही घेऊ नका," मी म्हणालो. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

मग मोठ्या संख्यांचे अवयव झटपट पाडणाऱ्या शोरच्या १९९४ च्या क्वांटम अल्गोरिदमकडे वळलो. पुरेसं मोठं यंत्र आलं की आरएसए ही आज सर्रास वापरातली एन्क्रिप्शन पद्धत मोडेल, आणि आज चोरून साठवलेला डेटा तेव्हा उघडा पडेल. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये याला तोंड देणाऱ्या एन्क्रिप्शनची पहिली तीन मानकं जाहीर केली आहेत. "तुमच्याकडे आरएसए कुठे कुठे वापरात आहे त्याची यादी करू, आणि तुमच्याच माणसांना ती करायला शिकवू." माझ्या मते आज खात्रीने विकता येईल ते एवढंच, बाकीचं बरंचसं अजून संशोधनात आहे.

पगाराच्या बोलणीत एकाच मुद्द्यावर अडून बसलो. इन्सेंटिव्ह फक्त नव्या करारांवर होता, आणि असे करार मार्गी लागायला फार वेळ जातो. तोवर पैसे येतात ते प्रशिक्षणाच्या फीचे. ती माझ्या टार्गेटमध्ये धरा, म्हटलं. एचआरने आधी नकार दिला, मग निम्मी धरायचं कबूल केलं. तेवढं ऑफर लेटरमध्ये लिहून घेतलं आणि सही केली.