बाकी काय विशेष?

फोनवर "कशी आहेस?" आणि "जेवलीस का?" झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "बाकी काय विशेष?" उत्तरही ठरलेलंच. "काही नाही गं, तुमच्याकडे काय विशेष?" तिकडूनही "विशेष असं काही नाही" येतं. आपल्याकडे सांगण्याजोगं काहीही नाही, असं दोन्ही पक्षांनी रीतसर जाहीर केलं की मग खरं बोलणं सुरू होतं आणि ते पाऊण तास चालतं.

१८ एप्रिल १९३०, गुड फ्रायडे. रात्री पावणेनऊच्या बातमीपत्रात बीबीसीच्या निवेदकानं आज बातमी नाही एवढंच सांगितलं आणि उरलेल्या वेळात पियानो ऐकवण्यात आला. साहेबच तो! नाही म्हणाला आणि थांबला. त्या खुर्चीत माझी आत्या असती तर "आज तसं विशेष काही नाही" अशी सुरुवात करून तिनं साडेनऊपर्यंत नेलं असतं. त्यात दोन साखरपुडे, एक फिसकटलेला जागेचा व्यवहार आणि कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन आलं असतं. पियानोवाला बिचारा बाहेर ताटकळत बसला असता.

बातमीसाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही. खबर आहे, वार्ता आहे, वृत्त आहे, कुणकुण आहे. खात्री नसेल तर आवई उठते, वावड्या उडतात, कंड्या पिकतात. पण या सगळ्या गोष्टी आपल्या पायांनी गावभर हिंडणाऱ्या. 'विशेष' तसं नाही. ते कुणीतरी विचारावं लागतं, आणि कोण विचारतंय त्यावर ते काय असणार हे ठरतं. कांदा महागला ही बातमी. नेहमीच्या भाजीवाल्यानं पालकाच्या जुडीवर कोथिंबिरीच्या दोन काड्याही टाकल्या नाहीत, हे विशेष. आणि तेही आईनं विचारलं तरच. बॉसनं "काय विशेष?" विचारलं तर कोथिंबीर आठवत नाही.

या शब्दाशी माझी पहिली गाठ शाळेत पडली, तीही कळू न देता. मराठीच्या पेपरात पत्रलेखन असायचं आणि मायन्याला मार्क असायचे. 'ती. बाबांना सा. न. वि. वि.' हे आम्ही पाढ्यासारखं पाठ केलेलं. सगळे पूर्णविराम जागच्या जागी पडले पाहिजेत, एवढीच काळजी. साष्टांग नमस्कार, विनंती, विशेष. वाकून झालं, हात जोडून झाले, आता कामाचं बोलू, असा त्या चौथ्या अक्षराचा अर्थ. समवयस्काला लिहिताना साष्टांगाचं सप्रेम व्हायचं, पण विनंती आणि विशेष जागचे हलत नसत. पुढे मी पत्रात काय लिहायची? 'सहल छान झाली. पन्हाळ्यावर खूप वारा होता.' मायन्यानं एवढी वाजतगाजत वर्दी द्यावी असं त्यात काही नसायचं.

ही वर्दी फार जुनी आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली. तसली जुनी पत्रं वाचायला बसलं की पहिल्या काही ओळींत डोळा घसरत जातो. नमस्कार, विनंती, 'येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जाणे', आणि मग एकटाच उभा राहिलेला शब्द: 'विशेष'. त्याच्या पुढे लढाई असते, थकलेलं कर्ज असतं, न वटलेली हुंडी असते. मला त्या बोरूवाल्या कारकुनाचं कौतुक वाटतं. पुढे काय लिहायचं आहे हे त्याला ठाऊक असणार, तरी आधीचं कुशल त्यानं एका मात्रेनं कमी केलेलं नाही.

पानिपतानंतरचं ते साहुकारी पत्र सगळ्यांना माहीत असतं. जानेवारी १७६१ मध्ये नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते, भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, त्यांच्या हाती ते पडलं. मोत्यें गळाली, मोहरा हरपल्या आणि रुपये, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याला लिहिलेल्या हिशेबाच्या भाषेत एका पिढीचा निकाल. मराठीत याहून मोठं विशेष कुणी कुणाला कळवलं असेल असं मला वाटत नाही, आणि त्यात माणसाचं नाव एकही नाही.

आमच्या आजोबांची कार्डं अर्थातच इतकी भारी नव्हती. माजघरात लाकडी चकतीला बसवलेली एक आकड्याची तार होती, तिच्यात आलेली पत्रं खोचून ठेवायची पद्धत. त्यामुळे प्रत्येक कार्डाच्या मधोमध एक भोक, आणि नेमका तिथला शब्द गेलेला. वर मध्यावर श्री, उजवीकडे मुक्काम आणि मिती. मग पाऊस, विहिरीचं पाणी, इकडील सर्व क्षेम. लोभ आहेच तो वाढावा, थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. सही. आणि सहीनंतर उरलेल्या बोटभर जागेत ताजा कलम. तीही संपली की कार्ड आडवं करून समासातून वर चढत गेलेली मुंगीएवढी अक्षरं. 'धाकटीचे जमले. मुलगा एस.टी.त आहे. याद्या पुढील गुरुवारी. येणे.' म्हणजे आठ ओळी पावसाला आणि मुलीच्या लग्नाला समास! लहानपणी मला हे आजोबांचं वेंधळेपण वाटायचं. आता वाटतं, त्यांना चांगलं कळत होतं. ताजा कलम आधी वाचायचा असतो हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. आजीला वाचता येत नसे, ती कार्ड हातात घेऊन आधी समास भरलाय का ते बघायची आणि मग कुणाला तरी वाचायला बसवायची.

एका प्रकारच्या कार्डाला मात्र हे काही लागू नव्हतं. वर श्री नसला की पोस्टमनच्या हातातच कळायचं. असं कार्ड उंबऱ्याच्या आत ठेवत नसत. वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं. ते तारेत कधी गेलं नाही.

फोनवर आपण आजही समासच भरतो. सगळं बोलून होतं, "चल, ठेवू मग?" होतं, आणि त्यावर "अगं हो, एक सांगायचं राहिलंच" येतं. राहिलेलं काहीही नसतं. पाऊण तास ते जिभेवरच असतं, फक्त त्याची जागा शेवटी असते. आई डॉक्टरांकडे जाऊन आल्याचं मला नेहमी इथेच कळतं. "विशेष काही नाही म्हणाले" असं वर. या वाक्याला मी घाबरते. डॉक्टरांनी 'विशेष नाही' म्हणणं आणि आईनं 'विशेष नाही म्हणाले' म्हणणं यांत दोन गोळ्या आणि एका सोनोग्राफीचं अंतर असू शकतं.

नकार जोडला की हा शब्द भलताच कामाचा होतो. नाटक कसं होतं? "विशेष नाही." म्हणजे पडेल. स्थळ कसं वाटलं? "तसं विशेष नाही." म्हणजे पुन्हा विषय काढू नका. "मला वांगं विशेष आवडत नाही" असं जो पाहुणा म्हणतो त्याला वांगं बघवत नाही, हे यजमानीणबाईंनी ओळखायचं. वाईट न म्हणता वाईट म्हणण्याची ही सोय नसती तर आपल्याकडे निम्मी नाती टिकली नसती.

उलट वर्तमानपत्रांनी त्याचा पार भुगा केला आहे. विशेष प्रतिनिधी, विशेष पुरवणी, विशेष मोहीम, विशेष गाडी. आणि 'विशेष म्हणजे'! 'चोरट्यांनी दागिने लांबवले. विशेष म्हणजे घराला कुलूप होते.' यात विशेष काय? कुलूप असलेल्या घरातच चोरी होते. कणादांच्या वैशेषिक दर्शनात द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय असे सहा पदार्थ मानले आहेत. त्यातला विशेष कशासाठी? तर अगदी एकसारखे दोन परमाणूसुद्धा ज्यामुळे एकमेकांपासून वेगळे राहतात, तो. असल्या शब्दाला आपण कुलपाच्या पहाऱ्यावर बसवलं.

आणि मग लग्नकार्यातलं ते 'विशेष'. लग्नाला वर्ष झालेल्या मुलीला कोपऱ्यात गाठून, भुवया किंचित उंचावून, आवाज एक पट्टी खाली आणून विचारलेलं. "काय गं, काही विशेष?" इथे मोती गळत नाहीत की हुंडी थकत नाही, विशेषाचा अर्थ एकच, आणि तो सांगावा लागत नाही. विचारणाऱ्या बाईंची नजर बोलताना पदरावरून पोटापर्यंत जाऊन परत येते. आमच्या वेळच्या मुली लाजायच्या किंवा चिडायच्या, म्हणजे बाईंना हवं ते उत्तर दोन्हीकडून मिळायचं.

परवा एका मुंजीत माझ्या भाचीला असंच गाठलं. मठ्ठ्याचा पेला हातात धरून ती तोंडभर हसली. "हो ना मावशी, आहे ना विशेष! टीम लीड झाले. अकरा जणं आहेत माझ्या हाताखाली." मावशींनी क्षणभर तो आकडा मनात घोळवला आणि जिलबी वाढणाऱ्याला हाक मारली.